स्माइली तुम्ही पाठवता, पण तो काढतो समोरच्याचा फोन



मागच्या व्हिडिओत आपण व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर तयार मेसेज कसे लिहून ठेवायचे ते पाहिलं. त्यानंतर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हा: "ताई, मेसेजमध्ये स्माइली टाकायचा की नाही? आणि टाकायचा तर कुठला?"

प्रश्न बारीक वाटतो. मलाही वाटायचा, एक चांगलं गिऱ्हाईक हातातून जाईपर्यंत. म्हणून आधी तो किस्सा सांगते आणि मग कामाच्या गोष्टीकडे वळू.

एका फ्रॉकचा किस्सा

२०१६ चा उन्हाळा. माझं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान सुरू होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. एक ताई नेहमी यायच्या. स्वतः घ्यायच्या आणि जावेला, शेजारणीलाही पाठवायच्या. त्यांच्या भाचीचं बारसं होतं, म्हणून त्यांनी एक भारीतला फ्रॉक नेला. संध्याकाळी त्यांचा मेसेज आला: "फ्रॉकची काखेतली शिवण उसवली आहे. उद्या सकाळी बारसं आहे. काय करायचं?"

मी तेव्हा माल आणायला बाहेरगावी गेले होते. दुकानातल्या मुलाने उत्तर दिलं. नेट चालत नव्हतं म्हणून त्याने साधा एसएमएस केला: "पाहतो मॅडम 😁". त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. काळजी करू नका, होऊन जाईल, एवढंच त्याला म्हणायचं होतं.

पाच मिनिटांत उत्तर आलं: "माझी इथे अडचण झाली आहे आणि तुम्ही दात कशाला विचकता?"

रात्री नऊ वाजता मी दुसरा फ्रॉक घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी तो घेतला. पैसे परत करत होते, ते मात्र घेतले नाहीत. मी सॉरी म्हटलं, तेव्हा त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. तो वेगळ्या कंपनीचा फोन होता. आमच्या फोनवर जो चेहरा डोळे मिटून खुदकन हसत होता, तोच त्यांच्या फोनवर दात आवळून, तोंड ताणून बघत होता. खरंच दात विचकल्यासारखा! मी त्यांच्या जागी असते तर मलाही राग आला असता.

त्या ताई पुन्हा दुकानात आल्या नाहीत. जाऊही नाही, शेजारीणही नाही. फ्रॉकची शिवण आमची चूक होती आणि ती मी त्याच रात्री निस्तरली. पण त्या चेहऱ्याचं काय करायचं ते मला कळलं नव्हतं, कारण आमच्या फोनवर तर तो ठीकच दिसत होता.

मुळात फोनमधून जातं काय?

आजच्या धड्यातला मुख्य मुद्दा हा आहे. तुम्ही स्माइली पाठवता तेव्हा चित्र जात नाही, एक क्रमांक जातो.

होलसेलवाल्याला फोन करून आपण कसं सांगतो, "डिझाइन नंबर १२, दोन डझन"? आपण नमुना पाठवत नाही, फक्त नंबर सांगतो. समोरच्याकडे त्या नंबरला जो माल असेल तो तो काढतो. इमोजीचंही तसंच आहे. 😊 या चेहऱ्याचा क्रमांक आहे १२८५२२. तुमचा फोन हा क्रमांक पाठवतो. समोरचा फोन आपल्या पेटीत बघतो, "१२८५२२ म्हणजे हसरे डोळे, गुलाबी गाल", आणि त्याच्या कंपनीने काढलेलं चित्र दाखवतो. क्रमांक सगळ्यांचा एकच आहे, चित्र मात्र प्रत्येकाचं वेगळं.

हे क्रमांक ठरवते युनिकोड ही संस्था. आपल्या 'क', 'ख', 'ग' लाही क्रमांक तीच देते. थोडा इतिहास, कारण तो उपयोगी आहे. १९ सप्टेंबर १९८२ रोजी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले स्कॉट फालमन यांनी सुचवलं, की गमतीने लिहिलेल्या मजकुरापुढे :-) अशी खूण टाका, म्हणजे वाचणाऱ्याचा गैरसमज होणार नाही. म्हणजे हसऱ्या चेहऱ्याचा जन्मच गैरसमज टाळण्यासाठी झाला! १९९९ मध्ये जपानच्या एनटीटी डोकोमो कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ चित्रखुणांचा संच केला. प्रत्येक चित्र आडवे १२ आणि उभे १२ ठिपके, एवढंच. 'इमोजी' हा शब्दही जपानी आहे: 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर. पुढे ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडच्या ६.० आवृत्तीत शेकडो इमोजींना क्रमांक मिळाले आणि एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनवर ते नीट जाऊ लागले.

जातात नीट, पण दिसतात वेगळे. मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रुपलेन्स या संशोधन गटाने २०१६ मध्ये नेमकं हेच तपासलं. लोकांना वेगवेगळ्या कंपन्यांचे इमोजी दाखवून विचारलं, की हा चेहरा आनंदी वाटतो, तटस्थ वाटतो की नाराज? सगळ्यात जास्त फरक पडणाऱ्यांपैकी एक होता आमचाच 😁. अ‍ॅपलच्या तेव्हाच्या चित्रात तो लोकांना त्रासलेला वाटला आणि इतर कंपन्यांच्या चित्रांत आनंदी. त्याच वर्षी अ‍ॅपलने ते चित्र बदललं. कुणा कंपनीला दोष द्यावा म्हणून मी हे सांगत नाही. चूक आमची होती. तक्रारीला उत्तर देताना चेहरा टाकायचाच नव्हता.

त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. अगदी एकच चित्र दाखवलं, तरी चारात एकदा लोकांचं त्यावर एकमत होत नव्हतं. म्हणजे आज सगळ्या कंपन्यांची चित्रं सारखी होत चालली असली, तरी गैरसमज पूर्ण संपलेला नाही.

हसू कुठलं निवडायचं?

कीबोर्डवर हसरे चेहरे ढीगभर आहेत. दुकानासाठी एक ठरवा आणि तोच सगळीकडे वापरा. माझा हिशेब असा आहे:

😊 हसरे डोळे, गुलाबी गाल. माझी शिफारस हीच. २०१० पासून आहे, त्यामुळे जुन्या फोनवरही दिसतो. जवळजवळ सगळ्या कंपन्यांच्या चित्रात तो प्रेमळच वाटतो. "धन्यवाद", "पुन्हा या", "पार्सल निघालं" या सगळ्यांबरोबर चालतो.

🙂 किंचित हसू. सांभाळून! आपल्या वयाच्या आणि मोठ्या माणसांना हा सभ्य वाटतो. पण माझ्या वर्गातल्या कॉलेजच्या मुला-मुलींना विचारलं, तर त्यांना तो "बरं, कळलं, पुढे चला" असा टोमणा वाटतो. तुमचं गिऱ्हाईक तरुण असेल तर हा टाळा.

😁 दात दाखवणारा. याबद्दल वेगळं काही सांगायला नको.

😂 डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा. मित्रांच्या ग्रुपवर ठीक. गिऱ्हाइकाच्या बोलण्यावर हा टाकला की "मला हसतायत" असं वाटू शकतं.

☺ जुना चेहरा. हा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून युनिकोडमध्ये आहे, तेव्हा रंगीत इमोजी नव्हतेच. आजही तो दोन रूपांत येतो, कधी रंगीत तर कधी काळ्या रेषांचा. रंगीत दिसावा म्हणून त्याच्या मागे एक न दिसणारं चिन्ह जोडलेलं असतं. कॉपी-पेस्ट करताना ते चिन्ह गळलं, की तुमच्या सुंदर पोस्टरवर काळा-पांढरा चेहरा येऊन बसतो. म्हणून हाही नको.

आणखी एक. युनिकोड दर काही काळाने नवे चेहरे आणतं. उदाहरणार्थ, डोळ्यात एक थेंब असलेला हसरा चेहरा २०२० मध्ये आला. ज्याच्या फोनला किंवा अ‍ॅपला अपडेट मिळालेलं नाही, त्याला त्या जागी रिकामा चौकोन दिसतो. तुमच्या गिऱ्हाइकांमध्ये जुने फोन वापरणारे काका-काकू असतील, तर नव्या चेहऱ्यांचा मोह नको.

जागा बदलली की नियम बदलतो

आता एकेक जागा घेऊ. वही काढा.

१. व्हॉट्सअ‍ॅप

अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअ‍ॅप स्वतःची इमोजी चित्रं वापरतं आणि आयफोनवर अ‍ॅपलची दिसतात. त्यामुळे तुमच्या कीबोर्डवर दिसलेला चेहरा आणि मेसेजमध्ये उमटलेला चेहरा यांत थोडा फरक असू शकतो. 😊 साठी हा फरक किरकोळ आहे.

खरा धोका आपोआप जाणाऱ्या मेसेजचा आहे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमधला स्वागताचा मेसेज नव्या माणसाला जातो, तसाच चौदा दिवस बोलणं झालेलं नसेल तर जुन्या गिऱ्हाइकालाही जातो. आता विचार करा. कुणी वीस दिवसांपूर्वी ड्रेस नेला, पहिल्याच धुण्यात रंग गेला आणि त्याने फोटोसकट तक्रार पाठवली. तुमच्या दुकानातून क्षणात उत्तर जातं: "नमस्कार! 😊😊 तुमचं स्वागत आहे!" तुम्ही फोन हातात घेण्याआधीच तुमचं दुकान त्याला हसलेलं असतं.

उपाय सोपा आहे. आपोआप जाणाऱ्या मेसेजमध्ये चेहरा ठेवायचा नाही. "नमस्कार. मेसेज मिळाला. सकाळी १० ते रात्री ८ या वेळेत उत्तर देतो." बस. हसू माणसाने पाठवायचं, मशीनने नाही.

दुसरं, मेसेजवर बोट दाबून धरलं की प्रतिक्रियांची ओळ येते. त्यात 😂 आणि 🙏 एकाच ओळीत असतात. गडबडीत बोट घसरतं. दुकानात जो कोणी फोन हाताळतो त्याला सांगून ठेवा: चुकून पडली तर त्याच प्रतिक्रियेवर बोट ठेवून काढता येते, पण समोरच्याने ती पाहिलेली असू शकते. म्हणून तक्रारीवर प्रतिक्रिया नकोच, शब्दांत उत्तर द्यायचं.

२. एसएमएस

इथे स्माइलीचे पैसे पडतात, अगदी शब्दशः. नीट वाचा.

साध्या इंग्रजी अक्षरांतला एसएमएस १६० अक्षरांपर्यंत एक धरला जातो. पण त्यात एकही इमोजी किंवा एकही मराठी अक्षर आलं, की पूर्ण मेसेज युनिकोड पद्धतीने जातो आणि मर्यादा ७० वर येते. मेसेज त्यापेक्षा लांब असेल तर त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ जागा मिळतात. शिवाय एक इमोजी दोन जागा खातो.

उदाहरण घेऊ. तुमचा इंग्रजी लिपीतला ऑफरचा मेसेज १४० अक्षरांचा आहे. एक एसएमएस. शेवटी एक 😊 टाकला. आता झाल्या १४२ जागा. दोन तुकड्यांत मावतात १३४. म्हणून तिसरा तुकडा लागला. एका हसऱ्या चेहऱ्यासाठी एकाऐवजी तीन एसएमएसचे पैसे! आठशे गिऱ्हाइकांना पाठवलात, तर ८०० ऐवजी २४०० क्रेडिट गेले. माझे एका दिवाळीत असेच गेले होते. तेव्हा वाटलं एजन्सीने फसवलं. मग स्वतः अक्षरं मोजली आणि गप्प बसले.

तुम्ही मराठीतच एसएमएस पाठवत असाल तर मर्यादा आधीच ७० असते, तिथे इमोजीने फक्त दोन जागा जातात. पण व्यवसायाच्या एसएमएसचा मजकूर आपल्याकडे डीएलटीवर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. मंजूर मजकुरात नसलेला चेहरा आयत्या वेळी घुसडला, तर मजकूर जुळत नाही आणि मेसेज अडतो. थोडक्यात, एसएमएसमध्ये स्माइली नको.

३. ई-मेल

एका व्यापाऱ्याच्या ई-मेलमध्ये प्रत्येक वाक्यानंतर इंग्रजी 'जे' हे अक्षर यायचं. "माल पाठवला आहे जे." "भेटू जे." मी कित्येक दिवस समजत होते की ही त्यांची सही असावी. खरी गंमत नंतर कळली. काही ई-मेल प्रोग्राम :) टाइप केलं की त्याचं रूपांतर विंगडिंग्ज नावाच्या फॉन्टमधल्या हसऱ्या चेहऱ्यात करतात. त्या फॉन्टमध्ये 'जे' च्या जागी हसरा चेहरा काढलेला आहे. समोरच्याला तो फॉन्ट दिसला नाही, तर उरतो नुसता 'जे'.

तुम्ही ई-मेलमध्ये चेहरा टाकणारच असाल, तर चिन्हं टाइप करून नको, इमोजीच्या पेटीतून घ्या. विंडोजवर विंडोजचं बटण दाबून ठेवून टिंबाचं बटण दाबलं की पेटी उघडते. मॅकवर कंट्रोल, कमांड आणि स्पेस एकत्र दाबा.

पण पहिल्या ई-मेलमध्ये टाकूच नका. कामाच्या औपचारिक ई-मेलमधल्या स्माइलीवर २०१७ मध्ये एक शोधनिबंध आला होता. त्यात दिसलं, की अनोळखी माणसाच्या ई-मेलमध्ये स्माइली असला तर तो जास्त प्रेमळ वाटत नाही, उलट कामात कच्चा वाटतो. बँकेला कर्जासाठी लिहिताय, मोठ्या कंपनीला कोटेशन पाठवताय, तर तिथे स्वच्छ भाषा आणि वेळेवर उत्तर हेच तुमचं हसू.

४. बिल, प्रिंटर आणि लेबल

आपल्या काउंटरवरचे छोटे थर्मल प्रिंटर बहुतेक ठरावीक अक्षरसंचच छापतात. अनेकांना मराठी अक्षरंही धड छापता येत नाहीत, इमोजी तर लांबच. वस्तूच्या नावात किंवा बिलाच्या तळाशी 😊 टाकलात, तर कागदावर प्रश्नचिन्ह किंवा चौकोन येतो. "धन्यवाद ????" असं बिल गिऱ्हाइकाच्या हातात जाणं बरं दिसत नाही. चेहरा हवाच असेल तर लोगोसारखं चित्र म्हणून बसवता येतो का, ते प्रिंटरवाल्याला विचारा.

५. गूगलवरचं दुकान आणि इन्स्टाग्राम

गूगलच्या व्यवसाय प्रोफाइलमध्ये दुकानाचं नाव पाटीवर आहे तसंच लिहायचं, उगाच सजावटीची चिन्हं जोडायची नाहीत, असा त्यांचा नियम आहे. नावात चेहरा घालून प्रोफाइल अडचणीत आणू नका. इन्स्टाग्रामच्या युजरनेममध्ये इमोजी चालतच नाही, तिथे अक्षरं, अंक, टिंब आणि खालची रेघ एवढंच चालतं. परिचयाच्या ओळीत मात्र चालतो.

परीक्षणांना उत्तर देताना चांगल्या परीक्षणाखाली एक 😊 छान दिसतो. वाईट परीक्षणाखाली शून्य. ते उत्तर त्या एका माणसापेक्षा पुढे येणारे शंभर जण वाचत असतात.

६. तुमची वेबसाइट

इथला घोळ दिसत नाही, म्हणून तो जास्त महागात पडतो. मायएसक्यूएल नावाचा डेटाबेस बऱ्याच छोट्या वेबसाइटच्या मागे असतो. त्याची जुनी 'यूटीएफ८' मांडणी एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देते. 😊 ला चार लागतात. मग काय होतं? कधी एरर येते, कधी प्रश्नचिन्हं उमटतात आणि कधी इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर कापला जातो.

समजा, तुमचा केकचा व्यवसाय आहे. गिऱ्हाइकाने ऑर्डरच्या चौकटीत लिहिलं: "बाबांचा वाढदिवस आहे 😊 केक बिनअंड्याचा हवा." तुमच्यापर्यंत आलं: "बाबांचा वाढदिवस आहे". पुढचं तुम्ही ओळखा.

वेबसाइट करून देणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: "डेटाबेस यूटीएफ८एमबी४ आहे का?" हो म्हणाला तर उत्तम. नाही म्हणाला तर करून घ्या. शब्द कळला नाही तरी चालेल, जसाच्या तसा पाठवा. मग स्वतः मधोमध इमोजी टाकून एक खोटी ऑर्डर द्या आणि पुढचं वाक्य येतंय का बघा.

पाटीवर, पिशवीवर छापायचा असेल तर

हा मुद्दा व्हिडिओत वेळेअभावी राहिला, म्हणून इथे लिहिते. क्रमांक कुणाच्या मालकीचा नाही, पण चित्र ज्याने काढलं त्याचं असतं. फोनचा स्क्रीनशॉट काढून त्यातला चेहरा पिशवीवर छापणं म्हणजे त्या कंपनीचं चित्र विनापरवाना वापरणं.

त्यापेक्षा मोकळ्या परवान्याचे संच आहेत. गूगलचा नोटो इमोजी आहे. ट्विटरने २०१४ मध्ये खुला केलेला ट्वेमोजी आहे, त्यात चित्रकाराचा उल्लेख करावा लागतो. परवान्याची अट वाचून मगच वापरा. सगळ्यात चांगलं म्हणजे गावातल्या एखाद्या चित्रकाराकडून स्वतःचा हसरा चेहरा काढून घ्या. थोडे पैसे जातील, पण तो तुमचा असेल आणि कागदावर तसं लिहूनही घ्या.

पिवळा गोल, दोन डोळे आणि हसू, हे चित्र अमेरिकेत वुस्टरच्या हार्वी बॉल यांनी १९६३ मध्ये एका विमा कंपनीसाठी काढलं. कर्मचाऱ्यांचं मन प्रसन्न राहावं म्हणून. मिळाले ४५ डॉलर. त्यांनी नोंदणी केली नाही. पुढे युरोपात फ्रँकलिन लूफ्रानी यांनी 'स्माइली' ची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी केली आणि त्यावर मोठा धंदा उभा केला. वॉलमार्टसारख्या बलाढ्य कंपनीशीही त्यांचा वर्षानुवर्षं वाद चालला. आपण यातून दोन गोष्टी घ्यायच्या. दुसऱ्याचा चेहरा आपल्या ब्रँडवर चिकटवायचा नाही आणि आपला चांगला चाललेला लोगो नोंदवायला उशीर करायचा नाही.

चेहऱ्यावर व्यवहार ठरवू नका

२०१७ मध्ये इस्रायलमधल्या एका छोट्या न्यायालयात एक खटला गाजला. घर भाड्याने द्यायचं होतं. एका जोडप्याने घरमालकाला "आम्हाला घर हवंय" असं कळवलं आणि पुढे हसरा चेहरा, शॅम्पेनची बाटली वगैरे आनंदाच्या खुणा टाकल्या. मालकाने विश्वास ठेवून जाहिरात काढून टाकली. मग ते जोडपं गायब झालं. न्यायाधीशांनी सांगितलं की करार झालेला नाही, पण त्या खुणांमुळे मालकाचा विश्वास बसणं साहजिक होतं. जोडप्याला सुमारे ८,००० शेकेल भरावे लागले.

आपल्या दुकानात रोज हेच होतं. आपण विचारतो, "मग शंभर नग पक्के ना?" पलीकडून येतो 😊. आपण माल शिवायला टाकतो. चार दिवसांनी ऐकू येतं, "अहो, मी फक्त हसले होते!"

म्हणून नियम करा: नग, रक्कम, तारीख आणि 'हो' हे चारही शब्दांत आल्याशिवाय ऑर्डर पक्की नाही. 😊 आला तर नम्रपणे विचारा: "ताई, १०० नग, १२ तारखेपर्यंत. हो समजू का?" आणि आगाऊ रक्कम घ्या.

उधारी मागतानाही तसंच. "तेवढी बाकी राहिली आहे 😊" असं लिहिलं की आपल्याला ते सौम्य वाटतं, पण समोरच्याला वाटतं, घाई नाही. हसत मागितलेली उधारी हसत पुढे ढकलली जाते. "काका, ३,२०० बाकी आहे. शनिवारपर्यंत जमेल का?" हे सभ्यही आहे आणि स्पष्टही.

एक बारकी पण माणुसकीची गोष्ट

ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं, त्यांचा फोन मेसेज मोठ्याने वाचून दाखवतो. इमोजी आला की फोन त्याचं नाव बोलतो. तुम्ही ओळीत आठ चेहरे टाकले, तर कानात ते वर्णन पुन्हा पुन्हा वाजतं आणि भाव कुठे लिहिला आहे ते सापडत नाही. म्हणून एका मेसेजला एकच चेहरा, तोही वाक्याच्या शेवटी. शब्दाच्या जागी चेहरा कधीच नको.

गृहपाठ: वीस मिनिटं

१. घरातले, शेजारचे मिळून तीन वेगळ्या कंपन्यांचे फोन गोळा करा. एक जुना असू द्या.

२. तुमचा ठरवलेला चेहरा व्हॉट्सअ‍ॅप, एसएमएस आणि ई-मेल तिन्हीवरून पाठवा. प्रत्येक फोनवर कसा दिसतो त्याचा फोटो काढून ठेवा.

३. आईला किंवा काकांना आणि एका कॉलेजच्या मुलाला विचारा: "हा चेहरा बघून काय वाटतं?" तुम्ही काही सुचवू नका, फक्त ऐका.

४. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमधले आपोआप जाणारे सगळे मेसेज उघडा आणि चेहरे काढून टाका.

५. एका कागदावर लिहून काउंटरच्या आत चिकटवा:
धन्यवाद, पार्सल, सणाच्या शुभेच्छा: एक 😊 चालेल.
तक्रार, उधारी, उशीर, दुःखाची बातमी, ऑर्डर पक्की करणं: फक्त शब्द.

माझ्या दुकानात हा कागद गेली कित्येक वर्षं आहे. कडा पिवळ्या पडल्यात, दोनदा नवा चिकटवला. तो मुलगा आता स्वतःचं मोबाइल अ‍ॅक्सेसरीजचं दुकान चालवतो आणि त्याच्याही काउंटरच्या आत असाच कागद आहे.

मागच्या वर्षी फ्रॉकवाल्या ताईंची ती भाची आईबरोबर दुकानात आली होती. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी ड्रेस हवा होता. आईने मला ओळखलं नाही, मीही आठवण करून दिली नाही. शिवण मात्र मी स्वतः दोनदा ओढून बघितली. पार्सल बांधून दिलं आणि संध्याकाळी मेसेज केला: "ड्रेस नीट बसला का? काही असेल तर उद्या सकाळी १० ला बदलून देते." उत्तर आलं: "छान बसला 😊".

मग मीही एक पाठवला.

पुढच्या धड्यात तक्रारीला पहिल्या दहा मिनिटांत काय लिहायचं, त्याचे तयार नमुने बघू. तोवर गृहपाठ पूर्ण करा.